विद्यापीठीय करडे साहित्य आणि शैक्षणिक ग्रंथालय : संकलनाची गरज व कार्यपद्धती

प्रस्तावना

विद्यापीठाचे ग्रंथालय देशोदेशीचे ग्रंथ व नियतकालिके मोठा खर्च करून मिळवते. मात्र त्याच विद्यापीठाच्या विभागांत, चर्चासत्रांत व क्षेत्रपाहणीत निर्माण झालेले लेखन त्या ग्रंथालयाच्या तालिकेत अनेकदा आढळत नाही. पीएच.डी.चा प्रबंध बहुधा सापडतो, परंतु एम.फिल.ची प्रबंधिका, लघुसंशोधन प्रकल्पाचा अहवाल किंवा चर्चासत्रात वाचलेला निबंध विभागाच्या कपाटात राहतो आणि कपाट रिकामे करण्याची वेळ आली की रद्दीत जातो. हे साहित्य कोणते, ते का हरवते व ते कसे जतन करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना

अशा साहित्यास ग्रंथालयशास्त्रात 'ग्रे लिटरेचर' अर्थात करडे साहित्य म्हणतात. ते पूर्णपणे प्रकाशित नसते आणि पूर्णपणे खासगीही नसते. १९९७ साली लक्झेंबर्ग येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याची व्याख्या करण्यात आली. शासन, शिक्षण, व्यापार व उद्योग या क्षेत्रांत सर्व स्तरांवर निर्माण होणारे, परंतु व्यावसायिक प्रकाशकांच्या नियंत्रणाखाली नसलेले मुद्रित व इलेक्ट्रॉनिक साहित्य, असा तिचा आशय आहे. २०१० च्या प्राग व्याख्येने त्यात एक महत्त्वाची अट घातली : हे साहित्य ग्रंथालयाने संकलित करून जतन करावे इतक्या गुणवत्तेचे असावे. म्हणजेच प्रत्येक कागद साठवणे अपेक्षित नाही. निवड हा संकलनाचाच भाग आहे.

विद्यापीठातील करड्या साहित्याचे प्रकार

१) पीएच.डी.चे प्रबंध, एम.फिल.च्या प्रबंधिका व पदव्युत्तर प्रकल्प.
२) लघु व बृहद् संशोधन प्रकल्पांचे अंतिम अहवाल.
३) चर्चासत्रांत वाचलेले, परंतु प्रसिद्ध न झालेले निबंध.
४) क्षेत्रपाहणीच्या प्रश्नावल्या, मुलाखतींच्या ध्वनिफिती, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतील ग्रामसर्वेक्षणे.
५) अभ्यासक्रम पुस्तिका, वार्षिक अहवाल, विद्वत्सभेची इतिवृत्ते, नॅकसाठी तयार केलेले स्वयं-अध्ययन अहवाल.

यांपैकी काहींचे मोल लेखनाच्या वेळी ध्यानात येत नाही. अहिराणी, मालवणी वा वऱ्हाडी बोलीवरील प्रबंधिकेतील विवेचन कदाचित सामान्य असेल. पण तिच्या परिशिष्टात वृद्ध भाषकांकडून टिपलेली शब्दसूची असेल, तर ते भाषक हयात नसताना ती पुन्हा मिळवता येत नाही. गावातील विहिरींची पाणीपातळी, पीकपद्धती किंवा स्थलांतर यांच्या नोंदींबाबतही हेच म्हणता येईल. प्रबंधिका हरवली म्हणजे एक प्रत गेली असे नव्हे, तर पुरावाच गेला.

हे साहित्य का हरवते?

याचे मुख्य कारण कार्यपद्धतीत आहे. ग्रंथालयाची उपार्जन-प्रक्रिया मागणीपत्रापासून सुरू होते व देयक मंजूर होऊन दाखल नोंदवहीत क्रमांक पडला की पूर्ण होते. करड्या साहित्याला विक्रेता नसतो व देयकही नसते. म्हणून त्याला या साखळीत जागा मिळत नाही. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याने प्रकाशकांवर राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांकडे प्रत पाठवण्याचे बंधन घातले. परंतु विभागात टंकलिखित झालेला अप्रकाशित अहवाल त्या व्यवस्थेत येत नाही. म्हणून असे साहित्य राखण्याची जबाबदारी ते निर्माण करणाऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयावरच येते.

नियमांचा आधार

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पदवी जाहीर झाल्यानंतर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत ३० दिवसांत सादर करण्याची तरतूद केली. त्यातून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' भांडाराला बळ मिळाले. वाङ्मयचौर्यविषयक २०१८ च्या विनियमांतील १० टक्के साम्याची मर्यादा प्राध्यापकांच्या परिचयाची आहे. त्याच विनियमांत प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेने प्रबंध, प्रबंधिका, शोधनिबंध व संस्थांतर्गत प्रकाशने यांचे संस्थात्मक भांडार निर्माण करावे असेही म्हटले आहे. त्याकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. बंद केले. त्यामुळे या पदवीच्या प्रबंधिकांचा संग्रह आता वाढणार नाही; जो आहे तो केवळ टिकवता येईल. दुसरीकडे, नव्या चार वर्षांच्या संशोधनासह ऑनर्स पदवीत प्रकल्पलेखन आले असल्याने करड्या साहित्याचा नवा ओघ सुरू होत आहे. जुने गोळा करणे व नव्याची सोय लावणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील.

संकलनाची कार्यपद्धती

१) उगमापाशी संकलन : साहित्य विखुरल्यावर शोधण्यापेक्षा ते निर्माण होतानाच घ्यावे. ग्रंथालयाचे नादेय प्रमाणपत्र देताना प्रबंधाची वा प्रकल्पाची प्रत जमा झाल्याची खात्री करावी. प्रकल्प अहवाल व चर्चासत्रातील निबंध यांसाठी प्रत्येक विभागाने एक प्राध्यापक समन्वयक नेमावा.

२) निवड : विभागप्रमुख, विषयतज्ज्ञ व ग्रंथपाल यांच्या समितीने निकष लेखी ठरवावेत. मूळ क्षेत्रसामग्री असलेल्या साहित्यास प्राधान्य द्यावे.

३) नोंद : मेटाडेटासाठी पंधरा घटकांचा डब्लिन कोअर हा आराखडा पुरेसा आहे. मात्र लेखक, मार्गदर्शक व वर्ष यांच्या जोडीला अभ्यासलेले गाव, तालुका व पाहणीचा काळ यांची नोंद अवश्य करावी, कारण शीर्षकातून ही माहिती क्वचितच कळते.

४) साठवण : २००२ पासून उपलब्ध असलेली डीस्पेस ही मुक्त संगणकप्रणाली भांडारासाठी वापरता येते. दीर्घकाळ टिकण्यासाठी धारिका पीडीएफ-ए स्वरूपात ठेवाव्यात.

मराठी साहित्यासमोर एक विशेष अडचण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी प्रबंध श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएम प्रणालीत टंकलिखित होत. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर धारिका उघडूनही अक्षरे वाचता येत नाहीत आणि शब्दशोधही होत नाही. त्यामुळे केवळ सीडी जमा करून घेणे म्हणजे जतन नव्हे. शक्य तेथे मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून मूळ प्रतीशी ताडून पाहावा; अन्यथा मुद्रित प्रतीची पाने प्रतिमांकित करून किमान शीर्षक, अनुक्रमणिका व सारांश युनिकोडमध्ये द्यावेत.

आक्षेप व विचार

पहिला आक्षेप स्वामित्वहक्काचा. सामान्यतः प्रबंधाचा हक्क लेखकाकडे असतो. म्हणून प्रत स्वीकारतानाच लेखी संमती घ्यावी. मुलाखतींत व्यक्तींची ओळख उघड होत असेल किंवा लेखकास ग्रंथ प्रसिद्ध करावयाचा असेल, तर नोंद खुली ठेवून मजकूर काही काळ बंद ठेवता येतो.

दुसरा आक्षेप असा की, साहित्य खुले केल्यास त्याची नक्कल होईल. वस्तुतः नक्कल करणाऱ्यास न नोंदवलेली प्रबंधिका अधिक सोयीची असते, कारण ती ताडून पाहण्याचे साधनच कोणाजवळ नसते. दिनांकित नोंद हा मूळ संशोधकाच्या बाजूचा पुरावा होय.

तिसरा आक्षेप दर्जाचा आहे आणि तो गंभीर आहे. सर्वच प्रकल्प उत्तम नसतात. परंतु आपले लेखन ग्रंथालयात राहणार व पुढील विद्यार्थी ते वाचणार, ही जाणीव विद्यार्थी व मार्गदर्शक या दोघांनाही अधिक काटेकोर करते.

समारोप

करडे साहित्य ग्रंथपालास खरेदी करता येत नाही. ते प्राध्यापकांनी द्यावे लागते. म्हणून हा प्रश्न केवळ ग्रंथालयाचा नाही. प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या मार्गदर्शनाखालील प्रबंधिकांची व प्रकल्पांची यादी करून ग्रंथालयाच्या तालिकेशी ताडून पाहिली, तरी कोणते साहित्य हाती आहे व कोणते नाही, हे स्पष्ट होईल. निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याच्या कपाटापासून या कामास प्रारंभ करावा, कारण एम.फिल.ची एकमेव उरलेली प्रत तेथेच असण्याचा संभव अधिक असतो. ते कपाट रिकामे होण्यापूर्वी ग्रंथपालास बोलावणे, ही संकलनाची पहिली व सर्वांत अल्पखर्चाची पायरी होय.