पतंगाच्या मिशा आणि कपाशीचें बोंड

संस्कृत कवींनीं पतंग पाहिला तो दीपज्योतीवर झेपावणारा. रूपाला भुलून जळणारा जीव, एवढीच त्याची ख्याति. परंतु निशाचर पतंगाचा संसार बहुतांशीं गंधावर चालतो, आणि त्याचें मुख्य घ्राणेंद्रिय म्हणजे मस्तकावरील दोन मिशा होत.

ही गोष्ट केवळ कौतुकाची नव्हे. आमच्या विदर्भांत कपाशीचें बोंड पोखरणारी गुलाबी अळी ही अशाच एका करड्या, बोटाच्या पेराहूनहि लहान पतंगाची संतति होय. २००२ सालीं बीटी कपाशीला सरकारी संमति मिळाली, तेव्हां बोंडअळीचा प्रश्न मिटला असें पुष्कळांना वाटलें. पुढें अळीनें तें विष पचविलें, आणि २०१७ सालीं विदर्भांत शेतेंच्या शेतें किडलीं. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. अळी बोंडाच्या आंत सुरक्षित आणि विष फवारणाराच्या अंगावर, असा हा उफराटा न्याय!

मादी रात्रीं देहांतून एक गंध सोडते. १९७३ सालीं ओळखल्या गेलेल्या ह्या गंधांत दोन द्रव्यें जवळजवळ समभाग असतात. नराच्या मिशांवरील केसांना अतिसूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून गंधाचा कण आंत शिरतो, व तेथील रसांतलीं वाहक प्रथिनें त्याला मज्जापेशीच्या आवरणापाशीं पोंचवितात. त्या आवरणांत चार प्रथिनांनीं बनलेलें एक मिटलेलें द्वार असतें. योग्य कण टेकतांच तें उघडतें, आयन म्हणजे विद्युद्भारित कण आंत लोटतात, आणि विजेचा स्पंद मेंदूकडे धांवतो. आपल्या नाकांत गंध आधीं पेशींतल्या निरोप्यांना जागें करतो, मग ते दार उघडवितात. कीटकांत गंध ओळखणारा आणि दार हे एकच, असें २००८ सालीं संशोधकांनीं दाखविलें.

ह्याच ज्ञानाच्या जोडीला ‘कामगंध सापळा’ आहे. (नांव शृंगारिक असलें तरी वस्तु सोज्वळ आहे.) कृत्रिम गंधाची गोळी ठेवून हेक्टरीं पांच सापळे टांगतात. लागोपाठ तीन रात्रीं प्रत्येक सापळ्यांत आठ नर सांपडले, तर उपाययोजनेची वेळ आली असें समजावें. नागपुरांत १९७६ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारसहि अशीच आहे. सापळ्यांत नरच येतो, आणि उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. तेव्हां आमच्या मतें सापळा हा औषधापेक्षां नाडीपरीक्षाच अधिक. दुसरी युक्ति अशी कीं, तोच गंध शेतभर दरवळत ठेवावा, म्हणजे खरी मादी कोणत्या दिशेस आहे हें नराला उमगत नाहीं. पण ही एकट्याच्या बांधापुरती चालत नाहीं. शेजारच्या शेतांतून फळलेली मादी उडून येते आणि अंडीं घालते.

त्यांतच चार पैशांच्या आशेनें कोणी फरदड घेतली, कीं अळीला हिवाळ्यानंतरहि अन्न मिळतें. पुढें पळाट्यांच्या ढिगांत आणि जिनिंगमधल्या सरकींत ती निजून राहते. म्हणून जिनिंगच्या आवारांतहि सापळे टांगण्याचा सल्ला देण्यांत येतो.