नव्या भूमींत बिऱ्हाड



परदेशीं जाऊन स्थायिक होणें हे शब्द आपल्या सुशिक्षित घरांतून हल्लीं इतक्या सहज उच्चारले जातात, कीं त्यांत दोन वेगळ्या क्रिया आहेत याचा विसर पडावा. जाणें हें एका दिवसाचें काम आहे; विमान तें कांहीं तासांत उरकून टाकतें. स्थायिक होणें मात्र वर्षांचें, किंबहुना पिढ्यांचें काम आहे. आणि त्याची वाट सरळ चढणीची नसून आपल्या घाटांतल्या रस्त्यासारखी आहे. एक वळण चढून आल्यावर माथा आला असें वाटावें, तोंच पुढें उतार दिसावा, असा तिचा स्वभाव.

पंडितांनीं या वाटेचा नकाशा काढण्याचा यत्न केला आहे. लिसगार्ड नांवाच्या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञानें, अमेरिकेंत शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या सुमारें दोनशें देशबांधवांना प्रश्न विचारून, १९५५ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, परक्या देशांत गेलेला मनुष्य प्रथम आनंदांत असतो. सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान त्याचें मन उडतें, त्याला एकाकी वाटूं लागतें. आणि पुढें तो हळूहळू सांवरतो. इंग्रजी ‘यू’ अक्षर डोळ्यांपुढें आणा, म्हणजे त्याचें म्हणणें ध्यानांत येईल. हें चित्र खोटें नाहीं. परंतु ज्यांच्यावरून तें काढलें ते सर्व पाहुणे होते. मुदत संपली कीं घरीं परतावयाचें, हें त्यांना ठाऊक होतें. मागचें घर मोडून, भांडींकुंडीं विकून जे जातात त्यांचें काय? त्यांच्या वाटेवर खळगे एकाहून अधिक असतात, आणि माझ्या मतें सर्वांत खोल खळगा अन्नाची व भाषेची सोय लागल्यानंतरच येतो. मराठी बोलणाऱ्याच एका समाजाच्या उदाहरणानें हें आज स्पष्ट करावयाचें आहे. तो समाज म्हणजे बेने इस्रायल.

पूर्वीच्या कुलाबा व हल्लींच्या रायगड जिल्ह्यांतील गांवांतून हे लोक कित्येक शतकें राहत आले. त्यांच्या परंपरेप्रमाणें त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. त्यांनीं तेलाच्या घाण्याचा धंदा धरला. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा वार. त्या दिवशीं घाणा बंद. म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणूं लागले. दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगांवकर अशीं त्यांचीं आडनांवें, घरांत भाषा मराठी, आणि बायकांच्या अंगावर लुगडें. मुंबईंत १७९६ सालीं सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. पुढें इंग्रजी अमदानींत हे लोक रेल्वे, टपाल, शाळा, इस्पितळें यांतून नोकऱ्या करूं लागले. आपली कीर्तनाची पद्धतिही त्यांनीं उचलली, आणि यहुदी धर्मग्रंथांतील आख्यानें मराठींत लावलीं.

लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, त्यांना येथून कोणीं हांकून दिलें नव्हतें. यहुदी म्हणून त्यांचा छळ या देशानें केला नाहीं. परंतु १९४८ सालीं इस्रायलचें राज्य स्थापन झालें, १९५० सालीं प्रत्येक यहुद्यास तेथें येऊन राहण्याचा अधिकार देणारा कायदा झाला, आणि ज्या यरुशलेमचें नांव आजवर केवळ प्रार्थनेंत घेतलें होतें, त्याची वाट मोकळी झाली. इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांचें काय होईल ही विवंचनाही कित्येकांना होतीच. त्या सुमारास भारतांत या समाजाची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. त्यांतून एकामागून एक कुटुंबें निघालीं. निघतांना समजूत अशी कीं, आपण परदेशीं जात नसून घरीं जात आहों. या समजुतीनेंच पुढील दुःखाला धार आणली. कारण परक्याच्या दारीं मिळालेली वागणूक मनुष्य विसरूं शकतो, स्वतःच्या घरीं मिळालेली विसरत नाहीं.

पोहोंचल्यावर प्रथम दिसले ते तंबू. नव्या राज्याची यहुदी लोकसंख्या चार वर्षांच्या आंत दुप्पट झाली. एवढ्यांना घरें कोठून आणावीं? ‘माबारा’ या नांवाच्या तात्पुरत्या छावण्यांतून, कापडाच्या व पत्र्याच्या खोपटांत, नवागतांना ठेवीत. १९४९ पासून शिधावांटप सुरू होतें. साखर, तेल, अंडीं मोजून मिळत. कित्येकांची रवानगी दक्षिणेकडील नेगेव्हच्या वाळवंटांत झाली. जेथें चार महिने आभाळ गळतें अशा कोंकणांतला मनुष्य, जेथें वर्षाकाठीं कांहीं इंचच पाऊस पडतो अशा बीरशेबास राहावयास गेला. मुंबईंत टेबलाशीं बसून हिशेब लिहिणाऱ्या गृहस्थाच्या हातीं फावडें आलें. तरीही, शिधा आणि तंबू हे इराकांतून आलेल्यांना होते, मोरोक्कोंतून आलेल्यांना होते, रुमानियांतून आलेल्यांनाही होते. सर्वांची अडचण ती आपली अडचण म्हणून मनुष्य पुष्कळ सोसतो.

भाषेची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे, आणि माझ्या व्यवसायामुळें मी तीवर थोडा अधिक वेळ घेणार आहें. हिब्रू त्यांना अगदींच परकी नव्हती. प्रार्थना त्याच भाषेंत, आणि कित्येकांना त्या मुखोद्गत. परंतु प्रार्थनेच्या भाषेंत वाण्याकडे मीठ मागतां येत नाहीं. लिपि उजवीकडून डावीकडे चालते. रोजच्या लिखाणांत स्वरचिन्हें बहुधा गाळलेलीं असतात, म्हणून शब्द आधीं ठाऊक असेल तरच तो नीट वाचतां यावा. क्रियापदाला लिंग असतें, याचें मराठी माणसाला नवल नाहीं. ‘तो करतो, ती करते’ असें आपणही म्हणतों. पण तेथें ‘तूं’ हें सर्वनामच पुरुषाला वेगळें आणि स्त्रीला वेगळें. आणि ‘तुम्ही’, ‘आपण’ हे आदरार्थी प्रकार तर रोजच्या बोलण्यांत नाहींतच! कारखान्याच्या व्यवस्थापकाला ‘तूं’, डॉक्टराला ‘तूं’, आणि शाळेंतील मास्तरांनाही मुलें नुसत्या नांवानें हांक मारतात. जन्मभर ‘गुरुजी’ ही हांक ऐकलेल्या मजसारख्यास हें सहज पचणारें नव्हे. पण येथें प्रश्न माझ्या पचनाचा नाहीं. प्रश्न असा कीं, एखाद्या तरण्या कारकुनानें साठीच्या म्हाताऱ्याला ‘तूं’ म्हटलें, तर तो अपमान आहे कीं तेथली रीत आहे, हें नवख्याला कसें कळावें? ज्याचें मन आधींच दुखावलेलें असतें त्याला रीतही अपमानच वाटते. आणि जेथें खरोखर अपमान असतो तेथें ‘अहो, ही येथली रीतच आहे,’ म्हणून त्याची समजूत घालणारे भेटतात. दोहोंतील फरक ओळखतां येणें, ही परक्या भाषेची खरी परीक्षा होय. ती व्याकरणाच्या पुस्तकांत नसते.

प्रौढांना हिब्रू शिकविण्यासाठीं ‘उल्पान’ नांवाचे वर्ग १९४९ पासून निघाले. योजना उत्तम होती, व ती आजही चालू आहे. तथापि ज्याला रोजगार बुडवून चालत नाहीं, किंवा जिच्या कडेवर मूल आहे, अशांना तीं कित्येक महिन्यांची शिकवण पुरी घेणें कठीण. मुलें मात्र शाळेंत आणि अंगणांत भराभर शिकलीं. मग कचेरींत जावयाचें तर बापानें दहा वर्षांच्या मुलाला दुभाष्या म्हणून बरोबर न्यावयाचें. ज्या घरांत वडिलांचा शब्द अखेरचा असे, त्या घरांत तो शब्द आतां मुलाच्या तोंडून बाहेर पडूं लागला. स्थलांतरानें घराचें आंतून काय होतें, तें यावरून दिसेल.

१९५१ च्या अखेरीस कांहींचा धीर सुटला. आम्हांला हिंदुस्थानांत परत पाठवा, असें म्हणत त्यांनीं तेल अवीव येथें, नवागतांची व्यवस्था पाहणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या कचेरीपुढें ठाण मांडलें. घर व काम यांबरोबर त्यांच्या तक्रारींत रंगाचीही तक्रार होती. काळ्या लोकांना काळा पाव पुरे, असें म्हणून बीरशेबास आम्हांला पांढरा पाव नाकारला, असें ते सांगत. अखेर १९५२ सालीं शंभराहून अधिक लोकांना मुंबईस परत पाठविण्यांत आलें.

आणि येथें एक विलक्षण गोष्ट घडली. परत आलेल्यांपैकीं बरेच जण लौकरच पुन्हां इस्रायलला जाण्याची परवानगी मागूं लागले, आणि ते गेलेही. याला कोणी चंचलपणा म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. सोडलेली खोली रिकामी राहत नाहीं, सोडलेली नोकरी वाट पाहत नाहीं, आणि ज्यांनीं मोठ्या समारंभानें निरोप दिला त्यांच्या आळींत पुन्हां बिऱ्हाड मांडणें याहून अवघड काम नाहीं. तिकडे तंबूंत बसून ज्या मुंबईची आठवण काढली, ती मुंबई त्यांच्यासह निघून गेलेली होती. परतीची वाट मोकळी असणें हा मोठा दिलासा असतो. पण ती वाट कोठें पोहोंचते हें चालून पाहिल्यावांचून कळत नाहीं.

पुढील कांहीं वर्षें चढणीचीं होतीं. तंबू जाऊन घरें आलीं. लोद, रामले, अश्दोद आणि १९५५ त वसविलेलें दिमोना अशा गांवीं वस्त्या स्थिरावल्या. कापडाच्या गिरण्यांतून कामें मिळालीं. मुलगे लष्करांत जाऊं लागले. ‘यू’ अक्षराचा दुसरा पाय चढून झाला, असें कोणासही वाटलें असतें. त्याच सुमारास दुसरा खळगा आला.

इस्रायलांत यहुद्यांचा विवाह धर्मपीठाच्या हातीं आहे. मुलकी विवाह तेथें लावतां येत नाहीं. कांहीं रब्बींनीं बेने इस्रायल वधूवरांचे इतर यहुद्यांशीं विवाह लावण्याचें नाकारलें. त्यांची शंका अशी कीं, हा समाज शतकानुशतकें इतर यहुद्यांपासून तुटून राहिला. तेवढ्या काळांत त्याचे घटस्फोट व पुनर्विवाह शास्त्रोक्त झाले असतील काय, आणि परधर्मीयांशीं संबंध झाले नसतील कशावरून? १९६१ सालीं मुख्य धर्मपीठानें या विवाहांस तत्त्वतः मान्यता दिली. पण फेब्रुवारी १९६२ मध्यें अशी सूचना काढली कीं, या समाजांतील वधूवरांची आईकडील वंशावळ जितकी मागें जाईल तितकी तपासावी.

या सूचनेचा अर्थ कोंकणांत उभें राहून समजून घ्यावा. ज्या गांवांत त्यांच्या धर्माचें दुसरें कोणी नव्हतें, जेथें शनिवारीं घाणा चालविला असता तर विचारणारें कोणी नव्हतें, तेथें त्यांनीं तो बंद ठेवला. शेजाऱ्यांनीं त्यांचा दाखला मागितला नाहीं; उलट ‘शनिवार तेली’ हें नांव देऊन तो दाखला आपणहून लिहून ठेवला. आणि ज्या एकाच देशांत यहुदी असणें ही सर्वसाधारण गोष्ट, तेथें त्यांना विचारण्यांत आलें कीं, तुम्ही यहुदी कशावरून? पणजीच्या आईचें लग्न कोणत्या विधीनें झालें याचा कागद नवगांवच्या किंवा पेणच्या कोणत्या घरीं सांपडणार होता? उपास मनुष्याचें शरीर झिजवितो. हा प्रश्न त्याच्या मेलेल्या आज्या-पणज्यांपर्यंत पोहोंचतो.

१९६४ च्या उन्हाळ्यांत या लोकांनीं यरुशलेमांत ठाण मांडून सत्याग्रह केला. लोकमत त्यांच्या बाजूस वळलें. १७ ऑगस्ट १९६४ रोजीं इस्रायलच्या लोकसभेनें, म्हणजे क्नेसेटनें, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असें जाहीर केलें, आणि त्या महिन्याच्या अखेरीस धर्मपीठानें आपल्या सूचनेंतून या समाजाचें नांव काढून टाकलें. नांव काढलें, शंका असेल त्याची चौकशी करावी हा सामान्य नियम मात्र ठेवला. सरकारी तडजोडी अशाच असतात.

१९५१ आणि १९६४ या दोन प्रसंगांची तुलना करून पाहा. दोन्ही वेळां लोक ठाण मांडूनच बसले होते. पहिल्या वेळीं मागणी होती, ‘आम्हांला परत पाठवा.’ दुसऱ्या वेळीं मागणी होती, ‘आम्हांला आपले म्हणा.’ पाहुणा रुसला म्हणजे गाडीची वेळ विचारतो; घरचा मनुष्य रुसला म्हणजे ओसरीवर बसून जाब विचारतो. बाहेरून दोघांचा त्रागा सारखाच दिसतो. परंतु ज्या वर्षीं या समाजाला तेथें सर्वांत अधिक वेदना झाली, त्याच वर्षीं तो तेथला झालेला होता, असें मी समजतों.

भारतानें इस्रायलला १९५० सालीं मान्यता दिली, पण उभयतांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले ते १९९२ सालीं. मधल्या चाळीस-बेचाळीस वर्षांत इकडचा धागा बारीक झाला. आज भारतांत या समाजाचीं थोडींच कुटुंबें उरलीं आहेत, आणि तिकडे त्यांची संख्या इकडच्याहून कित्येक पटींनीं अधिक आहे. तिकडील वडीलधाऱ्यांनीं ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक काढलें. नातवंडांची भाषा मात्र हिब्रू. आपल्याकडे ‘आबा’ म्हणजे आजा किंवा घरांतला वडील मनुष्य. हिब्रूंत ‘अबा’ म्हणजे बाप. एकाच माजघरांत दोन्ही हांका ऐकूं येत असतील तर कोण कोणाला बोलावतो आहे, याचा उलगडा आजीनेंच करावयाचा.

या समाजाची एलियाहू हन्नाबी या प्रेषितावर मोठी श्रद्धा आहे. नवस फेडतांना, किंवा मंगलकार्यापूर्वीं, ते त्याच्या नांवानें मलिदा करतात: भिजविलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, आणि वर फळें. अलिबागेजवळच्या खंडाळें गांवीं एका खडकावर त्याच्या रथाच्या व घोड्याच्या खुणा उमटल्या आहेत अशी त्यांची समजूत असून, तेथून तो स्वर्गास गेला असें जुनीं माणसें सांगत. इस्रायलांत हैफा येथें कार्मेल डोंगराशीं एलियाहूची म्हणून एक प्राचीन गुहा आहे. कोंकणांतून गेलेलीं हीं कुटुंबें आतां त्या गुहेच्या यात्रेस जातात. मलिद्याचे पोहे त्यांना रामले, अश्दोद व दिमोना येथील भारतीय दुकानांतून मिळतात.