पाय किंवा पंख अधू असलेल्या पोपटासाठी पिंजरा कसा निवडावा?

बजरीगर, कॉकॅटेल, लव्हबर्ड, कोन्यूर असे विदेशी पोपट आता शहरांप्रमाणे गावांतही पाळले जातात. त्यांतील काही पक्षी जन्मतः किंवा अपघाताने अधू होतात. कुणाचे पाय फाकलेले असतात, कुणाचा पंजा तुटलेला असतो, तर कुणाला उडता येत नाही किंवा दिसत नाही. असा पक्षी योग्य सोय मिळाल्यास अनेक वर्षे चांगला जगतो. मात्र बाजारातील बहुतेक पिंजरे धडधाकट पक्ष्यासाठी बनवलेले असतात. उंच पिंजऱ्यात अधू पक्षी वारंवार खाली पडतो. त्यामुळे छातीच्या हाडाला मार लागतो आणि त्याच जागी जखमा होतात. दाण्याची वाटी उंचावर असेल तर तो कमी खातो आणि हळूहळू खंगतो. आपल्याला वाटते की पक्षी आजारी आहे. प्रत्यक्षात त्याला वाटीपर्यंत पोहोचता येत नसते.

आधी पक्ष्याची अडचण ओळखा

पोपटाच्या पायाला दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. चढताना तो चोचीचा वापर तिसऱ्या पायासारखा करतो. म्हणून पिंजरा घेण्यापूर्वी पक्ष्याला अर्धा तास शांतपणे पाहा आणि पुढील गोष्टी तपासा.

- दोन्ही पंज्यांनी दांडी धरता येते का? धरली तर किती वेळ टिकतो?
- चोचीने गज धरून चढता येते का?
- पडताना पंख पसरून स्वतःला सावरता येते का?
- बसताना वजन पायांवर असते की छातीवर?
- दाणे दिसतात का, की चोचीने चाचपून शोधतो?

या उत्तरांवर पिंजऱ्याची उंची, तळ आणि दांड्यांची जागा ठरते. अधूपणाचे कारण माहीत नसेल, तर पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडून आधी तपासणी करून घ्यावी. पिसे झडणे आणि चोच वेडीवाकडी वाढणे ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसत असतील, तर विषाणूजन्य आजाराची शक्यता असते. तपासणी होईपर्यंत असा पक्षी इतरांपासून वेगळ्या खोलीत ठेवावा.

पिंजरा उंच नको, लांब हवा

अधू पक्ष्यासाठी लांबी आणि रुंदी महत्त्वाची असते. एका बजरीगरसाठी साधारण अडीच फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पिंजरा सोयीचा पडतो. कॉकॅटेलसाठी लांबी तीन फूट आणि रुंदी दोन फूट असावी, म्हणजे त्याची शेपटी व कलगी गजांना घासत नाही. उंची मुद्दाम कमी ठेवल्याने पडण्याचे अंतर कमी होते.

गोल आणि घुमटाकार पिंजरा टाळावा. घुमटाच्या टोकाकडे गज एकमेकांजवळ येतात आणि त्या फटीत बोट किंवा पंजा अडकू शकतो. अधू पक्ष्याला अडकलेला पंजा सोडवून घेता येत नाही.

गज आडवे असलेला पिंजरा निवडावा. आडव्या गजांवर पक्षी शिडीप्रमाणे चढतो. उभ्या गजांवरून मात्र तो घसरतो. निदान दोन लांब बाजूंचे गज आडवे असावेत. गजांमधील अंतर पुढीलप्रमाणे असावे.

- बजरीगर: १० ते १२ मिलिमीटर
- कॉकॅटेल व लव्हबर्ड: १२ ते १५ मिलिमीटर
- आफ्रिकन ग्रे: २० ते २५ मिलिमीटर

अंतर जास्त असल्यास पक्षी डोके बाहेर काढतो आणि अडकतो. दुकानात मोजपट्टी घेऊन जावे, अंदाजावर राहू नये.

दार मोठे असावे. अधू पक्ष्याला रोज उचलावे लागते, तळ साफ करावा लागतो, औषध द्यावे लागते. हात आणि पक्षी दोन्ही सहज बाहेर येतील इतके दार हवे. वरून पूर्ण उघडणारा पिंजरा मिळाला तर अधिक चांगले. वर सरकवून उघडणारे छोटे दार पंख किंवा पायावर पडू शकते, म्हणून बाजूला उघडणारे दार पसंत करावे.

जुना पिंजरा वापरता येईल का?

नवीन पिंजरा लगेच घेणे शक्य नसेल, तर चौकोनी उंच पिंजरा आडवा ठेवून पाहावा. यामुळे उंचीची लांबी होते आणि उभे गज आडवे होतात. दार कोणत्या बाजूला येते हे बघून ठेवावे आणि ते तारेने किंवा क्लिपने पक्के करावे. तळाशी स्वतंत्र ट्रे किंवा पातळ प्लायवूड ठेवता येते.

जो पक्षी अजिबात चढू शकत नाही आणि छातीवर सरपटतो, त्याच्यासाठी पसरट प्लास्टिकचा मोठा टब किंवा क्रेट चांगला. वरून जाळीचे झाकण बसवावे, म्हणजे हवा खेळती राहते आणि मांजरापासून संरक्षण होते.

तळ: सर्वांत महत्त्वाचा भाग

अधू पक्ष्याचा बराच वेळ तळाशी जातो. बहुतेक पिंजऱ्यांत ट्रेच्या वर तारेची जाळी असते. ती काढून टाकावी, कारण जाळीत बोटे अडकतात आणि छातीला तार टोचते.

तळ तीन थरांत तयार करावा. सर्वांत खाली योगा मॅटचा किंवा रबरी मॅटचा तुकडा ठेवावा. त्यावर फ्लीसचे मऊ कापड सपाट अंथरून कडा ट्रेखाली दुमडाव्यात, म्हणजे पक्षी खालची मॅट कुरतडणार नाही. सर्वांत वर वर्तमानपत्राचा कागद घालून तो रोज बदलावा. कागदावर विष्ठेचा रंग आणि प्रमाण लगेच कळते. पाय घसरणाऱ्या पक्ष्यासाठी मात्र कागद न घालता कापड रोज बदलावे, कारण गुळगुळीत कागदावर पाय आणखी फाकतात.

टर्किश टॉवेल वापरू नये. त्याच्या फासांत नखे अडकतात. कडेचे सुटे धागे कापून टाकावेत. पायाला गुंडाळलेला धागा रक्तपुरवठा थांबवतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात कापड ओले राहून बुरशी येते. बुरशीमुळे पोपटांना श्वसनाचे गंभीर आजार होतात. त्यासाठी कापडाचे चार-पाच संच ठेवून पूर्ण वाळलेलेच वापरावे.

दांड्या आणि चौथरे

पहिली दांडी तळापासून दोन ते तीन इंच उंचीवरच लावावी. पक्षी तिथे स्थिर बसू लागला की दुसरी दांडी दोन इंच वर लावता येते. दोन दांड्यांमध्ये जाळीचा किंवा खाचा पाडलेल्या लाकडी पट्टीचा तिरका उतार द्यावा.

दांडी इतकी जाड असावी की पंजाची पकड तिच्या घेराच्या सुमारे दोन तृतीयांश भागाला यावी. बजरीगरसाठी १२ ते १५ मिलिमीटर आणि कॉकॅटेलसाठी १८ ते २२ मिलिमीटर जाडी योग्य. सगळ्या दांड्या एकाच जाडीच्या नसाव्यात. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या नैसर्गिक फांद्या उत्तम. फांदी फवारणी न झालेल्या झाडाचीच घ्यावी, घासून धुवावी आणि कडक उन्हात वाळवावी. कण्हेर, शेर, रुई अशा विषारी किंवा चिकाच्या झाडांच्या फांद्या वापरू नयेत.

प्लास्टिकच्या गुळगुळीत दांड्या आणि सँडपेपर लावलेल्या दांड्या अधू पक्ष्याला घातक आहेत. पहिल्या प्रकारात पाय घसरतो, दुसऱ्यात तळवा सोलतो. दांडीवर स्वतःलाच चिकटणारी बँडेज पट्टी गुंडाळल्यास पकड मिळते आणि मऊपणाही येतो. पक्षी पट्टी कुरतडून गिळत असेल तर ती काढावी.

ज्याला दांडी धरताच येत नाही, त्याला सपाट लाकडी चौथरा द्यावा. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात दोन-तीन इंच उंचीवर तळहाताएवढी फळी बसवून तिला बारीक कडा ठेवावी. उंचावर बसल्याने पोपटाला सुरक्षित वाटते, त्यामुळे तळाशी राहणाऱ्या पक्ष्यालाही एखादा चौथरा अवश्य द्यावा.

अधूपणानुसार बदल

*पाय फाकलेला पक्षी:* पिल्लांमध्ये हा दोष घरट्याच्या पेटीचा गुळगुळीत तळ, कॅल्शियमची कमतरता किंवा आईच्या अंगाखाली पिल्लू दाबले जाणे यांमुळे येतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पशुवैद्यकाने पाय बांधून दिल्यास सुधारणा होऊ शकते. हाडे पक्की झाल्यावर पाय सहसा सरळ होत नाहीत. मोठ्या पक्ष्याला मऊ तळ, रुंद चौथरा आणि छाती टेकवायला मऊ गुंडाळी द्यावी. छातीची कातडी दर दोन दिवसांनी पिसे बाजूला करून तपासावी.

*एक पाय किंवा पंजा नसलेला पक्षी:* सगळे वजन चांगल्या पायावर येते. त्या पायाचा तळवा लाल, चकचकीत आणि सुजलेला दिसू लागला तर ती तळव्याच्या फोडाची सुरुवात असते. मऊ पट्टीच्या जाड दांड्या आणि सपाट चौथरे आलटून पालटून द्यावेत. खपली दिसल्यास पशुवैद्यकाला दाखवावे.

*उडू न शकणारा पक्षी:* पाय चांगले असतील तर त्याला चढायला आवडते. त्याची हौस मारू नये. आडवे गज, उतार आणि जवळजवळ लावलेल्या दांड्या यांवरून तो पूर्ण पिंजरा फिरू शकतो. फक्त सर्वांत वरच्या दांडीखाली मोकळी जागा ठेवू नये. तिथे मध्ये एक चौथरा असावा.

*अंध पक्षी:* वाट्या, दांड्या आणि चौथरे कधीही हलवू नयेत. तो पिंजरा पाठ करतो. पिंजऱ्याजवळ जाताना आधी बोलावे, मग हात घालावा.

*चोच वाकडी असलेला पक्षी:* त्याला गज धरून चढता येत नाही आणि दाणे सोलता येत नाहीत. उतार द्यावेत. मऊ अन्न पसरट वाटीत द्यावे आणि चोच पशुवैद्यकाकडून वेळोवेळी घासून घ्यावी.

दाणा-पाण्याची सोय

वाट्या उथळ, जड आणि पक्ष्याच्या छातीच्या उंचीवर असाव्यात. स्टीलची किंवा चिनी मातीची छोटी वाटी चालते. पाण्याची वाटी खोल असेल तर तोल जाऊन अशक्त पक्षी बुडू शकतो. अर्धा-पाऊण इंच पाणी पुरे. दोन ठिकाणी दाणे आणि दोन ठिकाणी पाणी ठेवावे. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी बदलावे.

धातू, रंग आणि जागा

अधू पक्षी चोचीवर अधिक अवलंबून असतो, त्यामुळे गज जास्त चावतो. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त तार आणि शिसे असलेला रंग पोटात गेल्यास विषबाधा होते. हिरवी पातळ विष्ठा, अशक्तपणा, झटके ही त्याची लक्षणे आहेत. स्टेनलेस स्टील सर्वांत सुरक्षित. त्याखालोखाल चांगल्या प्रतीचे पावडर कोटिंग. जस्ताच्या तारेचाच पिंजरा असेल, तर व्हिनेगर आणि ब्रशने घासून, भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा. यामुळे धोका कमी होतो, पूर्ण जात नाही.

पिंजरा भिंतीलगत, कमरेच्या उंचीवर ठेवावा. थेट जमिनीवर ठेवल्यास मांजर, उंदीर आणि मुंग्यांचा त्रास होतो. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ऊन सरकत पिंजऱ्यावर येते आणि अधू पक्ष्याला सावलीकडे सरकता येत नाही. चोच उघडी ठेवून धापणे आणि पंख अंगापासून दूर धरणे ही उष्माघाताची खूण आहे. लगेच थंड जागी न्यावे. स्वयंपाकघरात पिंजरा ठेवू नये. नॉनस्टिक भांडे जास्त तापल्यावर निघणाऱ्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरू शकतो.

कॉकॅटेल अंधारात अचानक दचकून धडपडतो. रात्री मंद दिवा ठेवावा.

पिंजरा बदलल्यावर काय पाहावे?

पहिले तीन दिवस जुन्या वाट्याच वापराव्यात. आठवड्यातून एकदा सकाळी, दाणे देण्यापूर्वी, डिजिटल काट्यावर वजन करून वहीत नोंद ठेवावी. बजरीगरचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम आणि कॉकॅटेलचे ८० ते १०० ग्रॅम असते. वजन दहा टक्क्यांनी घटल्यास वाट न पाहता पशुवैद्यकाकडे जावे. पिसांमुळे पक्षी गुबगुबीत दिसतो, म्हणून नजरेच्या अंदाजावर विसंबू नये. दुसरा पक्षी टोचत असेल तर दोघांचे पिंजरे शेजारी पण वेगळे ठेवावेत.

कायदा लक्षात ठेवा

आपल्याकडील राघू म्हणजे कंठवाला पोपट, पहाडी पोपट आणि इतर देशी पोपट पकडणे, विकणे व पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. पतंगाच्या मांजाने किंवा शेतातील जाळ्यात अडकून जखमी झालेला राघू सापडला, तर त्याला हवेशीर खोक्यात, शांत व अंधाऱ्या जागी ठेवून वन विभागाला कळवावे. महाराष्ट्रात १९२६ हा वन विभागाचा मदत क्रमांक आहे. आफ्रिकन ग्रे, सन कोन्यूर, मकाव यांसारख्या विदेशी पोपटांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार परिवेश २.० या पोर्टलवर करावी लागते. बजरीगर आणि कॉकॅटेल यांना ही अट लागू नाही.