खाटा 1100, रस्ता किती पदरी?

शेंडा पार्कात 600 खाटांचं सर्वसाधारण, 250 खाटांचं कर्करोग आणि 250 खाटांचं सुपर स्पेशालिटी अशी एकूण 1100 खाटांची सरकारी सोय मंजूर झाली आहे. हा आकडा कोल्हापुरात आता सगळ्यांना पाठ आहे. पण मित्रहो, त्या खाटेपर्यंत माणूस पोचणार कसा? हा प्रश्न डॉक्टरांचा नव्हे, आपल्या सिव्हिलवाल्यांचा!

सीपीआर भर गावात आहे. पन्हाळा-शाहूवाडीकडचा पेशंट शिवाजी पूल ओलांडला की तिथं पोचतोच. दसरा चौकात उतरलेला माणूस चालतही जातो. शेंडा पार्क मात्र शहराच्या दक्षिणेला. कागल-भुदरगडकरांना ते सोयीचं, पण पन्हाळ्याहून येणाऱ्याला अख्खं शहर पार करावं लागणार. म्हणजे दवाखाना हलला की वाहनांचा लोंढाही हलतो. तो किती आणि कुठून येईल याचा हिशेब आधीच मांडणं, याला म्हणतात वाहतूक परिणाम अभ्यास.

दवाखान्याची वाहतूक म्हटलं की आपल्याला अँब्युलन्स आठवते. खरी गर्दी असते ती ओपीडीची, तीही सकाळी, शाळा-कॉलेज-ऑफिसच्याच वेळेला. रस्त्यावरची वाहनं आपण नुसती मोजत नाही, ती कारच्या मापात बदलतो. हे माप म्हणजे पीसीयू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 सालच्या आयआरसी 106 प्रमाणे कार 1. दुचाकी आणि रिक्षा यांचा वाटा दहा टक्के किंवा जास्त असेल, तर दुचाकी 0.75 आणि रिक्षा 2. बस थोड्या असतील तर एक बस 2.2.

आता एक गणित करू. आकडे मानलेले आहेत, रीत खरी. दिवसाला 2000 पेशंट, प्रत्येकासोबत एक नातेवाईक, म्हणजे 4000 माणसं. त्यातली 40 टक्के गर्दीच्या एका तासात आली, तर 1600. निम्मी दुचाकीवर डबलसीट : 400 गाड्या, 300 पीसीयू. 480 जण रिक्षानं, तिघे-तिघे : 160 रिक्षा. रिक्षा सोडून परतही जाते, म्हणून दुप्पट धरायचं : 640 पीसीयू. उरलेले 320 केएमटीनं, चाळीस-चाळीस : 8 बस, जाऊन-येऊन सुमारे 35 पीसीयू. एकूण 975!

सब-आर्टिरियल दर्जाच्या दुपदरी रस्त्याला याच आयआरसीनं दोन्ही दिशा मिळून ताशी 1200 पीसीयू सुचवले आहेत. रस्त्यावरची रोजची वाहतूक, डॉक्टर, नर्सेस, औषधांचे टेंपो आपण अजून धरलेच नाहीत.

"मग रस्ता चौपदरी करा की!" असं कुणीही म्हणेल. दुभाजकासह चौपदरी केला तर मर्यादा 2900 होते, हे खरं. पण सायबर चौक किंवा संभाजीनगर जिथल्या तिथं अडकलं, तर मधला रुंद रस्ता म्हणजे नुसतं पार्किंग. शिवाय खर्च कोण देणार? रस्त्यांच्या पैशावरून या शहरानं टोलविरोधात केवढा लढा दिला आणि 2015 च्या अखेरीस टोल रद्द करायला लावला, हे वेगळं सांगायला नको.

वरच्याच गणितात रिक्षातली निम्मी माणसं बसमध्ये बसवा. 80 रिक्षांचे 320, 14 बसचे सुमारे 62 आणि दुचाकींचे 300, म्हणजे 682 पीसीयू. रस्ता एक फूटही न वाढवता जवळपास तीस टक्के भार कमी! मात्र त्यासाठी एसटी स्टँड, रंकाळा आणि संभाजीनगरहून थेट बस हवी, आणि ती दवाखान्याच्या आत, ओपीडीच्या दारात थांबायला हवी. सलाइन लावून घरी परतणाऱ्या म्हातारीला चौकातून चालत आणणं ही सोय नव्हे.

बाकीची कामंही साधीच आहेत. अँब्युलन्सचं गेट वेगळं आणि चौकापासून लांब. रिक्षा-वडापचा थांबा आवारात, म्हणजे रांग रस्त्यावर येत नाही. डावीकडे वळणाऱ्यांना वेगळी लेन. डबा घेऊन येणाऱ्या नातेवाइकांसाठी सलग फुटपाथ आणि उंचवटा असलेलं क्रॉसिंग. चहाच्या टपऱ्या येणारच आहेत, तेव्हा त्यांची जागा नकाशात आधीच दाखवा, नाहीतर त्या फुटपाथवर लागतील. आणि हे सगळं उद्घाटनाच्या आधी. पेशंट यायला लागल्यावर गेटसमोर खोदाई सुरू झाली, तर त्याचा त्रास आधी अँब्युलन्सला होतो. अपघातातल्या जखमीसाठी पहिला तास मोलाचा असतो, आणि त्यातली दहा मिनिटं सिग्नलवर गेली तर ती कुठलाही सर्जन परत आणू शकत नाही.

शेवटच्या वर्षाच्या मंडळींनो, प्रोजेक्टला विषय शोधताय ना? चार जण, चार टॅली शीट, शेंडा पार्कच्या चौकात सकाळी 8 ते 11, तीन दिवस. आपण वर मानलेल्या आकड्यांच्या जागी खरे आकडे बसवा आणि तो तक्ता महापालिकेत नेऊन द्या.