मार्फत 56 एपीओ
पाकिटावर दादाचं नाव, सैनिकी क्रमांक, युनिट आणि शेवटी ‘मार्फत 56 एपीओ’, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. गाव, जिल्हा, राज्य काहीच नाही. दादा लष्कराच्या इंटेलिजन्स कोअरमध्ये होता. पुण्यातलं प्रशिक्षण संपवून तो फील्डला गेला, तेव्हापासून तो नेमका कुठे आहे हे उमरेडच्या आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. विचारायचं नाही, एवढं मात्र सगळ्यांना माहीत होतं. बाजारात कुणी ‘पोरगा कुठी हाये जी सध्या?’ म्हटलं, की बाबा ‘वर हाये’ म्हणून मिरचीच्या भावाकडे वळत.

तरी पत्र पोचायचं. उमरेडचं टपाल नागपूरमार्गे दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसात जाई. पूर्वेकडच्या तुकड्यांसाठी 99 एपीओ, त्यांचं टपाल कोलकात्याला. कोणतं युनिट आज कुठे आहे हे या बेस ऑफिसांत कळतं आणि थैली त्या भागातल्या फील्ड पोस्ट ऑफिसकडे निघते. युनिट हललं तरी पत्ता तोच राहतो. कोणती तुकडी कुठे उभी आहे, हे शत्रूला सगळ्यात आधी हवं असतं. साध्या पाकिटांवरूनही ते जुळवता येईल. 1972 मध्ये श्रीराम भिकाजी वेलणकरांनी पिनकोड आखला, तेव्हा देशाचे आठ विभाग केले आणि 9 हा पहिला आकडा सैन्याच्या टपालासाठी ठेवला. 441203 म्हटलं की उमरेड सापडतं. 9 ने सुरू होणाऱ्या पिनवरून गाव सापडत नाही. ही थैली वाहणाऱ्या सैनिकी डाकसेवेचं केंद्र आपल्या कामठीलाच आहे आणि तिची बरीचशी माणसं डाक खात्यातून प्रतिनियुक्तीवर गेलेली असतात.

कामाबद्दल दादा निवृत्तीनंतरही मोजकंच बोलतो. दिवसाचा मोठा भाग ऐकण्यात आणि लिहिण्यात जाई. गस्तीहून आलेल्या जवानाला एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारायची. त्याने काय पाहिलं आणि त्याला काय वाटलं, हे वेगळं काढायचं. सांगणारा किती भरवशाचा आणि सांगणं किती खरं, याचाही स्वतंत्र विचार करायचा, कारण भला माणूसही चुकीचं पाहतो. गावकऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोलता आलं पाहिजे. मे 1999 मध्ये कारगिलच्या बटालिक भागात घुसखोर पहिल्यांदा दिसले ते हरवलेला याक शोधणाऱ्या ताशी नामग्याल या पशुपालकाला. त्यानेच सैन्याला खबर दिली. असा माणूस आपणहून छावणीकडे यावा, इतका विश्वास आधी कमवावा लागतो. दादाच्या मते तैनातीचा खरा वेळ त्यात जातो, आणि मला ते पटतं.

आमच्या बाजूला त्याचा संसार वहिनी एकटीने चालवत होती. मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या कामाच्या रकान्यात ती फक्त ‘सैन्य’ लिही. सासरच्या लग्नांत, माहेरच्या तेरवीत त्याच्या नसण्याचं कारणही तिला धड सांगता येत नसे. आघाडीवरच्या जवानाच्या घराला निदान अभिमानाने बोलता येतं. या खात्यातल्या माणसाच्या घराला तेही मिळत नाही. त्या घराच्या गप्प राहण्याला सेवा म्हटलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आता भरतीची तयारी करणारी पोरं संध्याकाळी दादाकडे येतात. त्यांना हेरगिरीच्या गोष्टी हव्या असतात. तो विचारतो, मराठी-हिंदीखेरीज कोणती भाषा येते, आज येताना रस्त्यात काय पाहिलं ते एका पानात लिहून दाखव. आणि पुढच्या वेळी आईवडिलांना सोबत आणायला सांगतो.