'सेनासाहेबसुभा' आणि 'सेनाधुरंधर'

इंग्रजीतील 'ड्यूक' हा किताब लॅटिन 'दुक्स', म्हणजे सेनानायक, या शब्दापासून आला. पुढे तो प्रदेशनामाशी जोडला गेला व मूळचा अधिकार लोपून मान तेवढा उरला. नागपूरकर भोसल्यांचा किताब मात्र प्रदेशाचे नव्हे, तर चाकरीचे नाव सांगतो. 'सेना' हा शब्द संस्कृत; 'साहेब' (धनी) व 'सुभा' (प्रांत, तसेच प्रांताधिकारी) हे मूळचे अरबी असून फारसीच्या द्वारे मराठीत रुळले.

१७०७ मध्ये शाहू महाराज दक्षिणेत परतताच परसोजी भोसले त्यांस मिळाले, आणि 'सेनासाहेबसुभा' हे पद त्यांस लाभले. पुढे ते कान्होजी व पहिले रघूजी यांजकडे आले. रघूजींनी १७५१ मध्ये गोंड राजा नीलकंठशहा याजकडून चांदा घेतला. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील आजचा सावली-गडचिरोली टापू याच चांदा प्रांतातील होय.

रघूजी १७५५ मध्ये वारले, तेव्हा जानोजी व मुधोजी या पुत्रांत कलह माजला. पेशव्यांनी जानोजीस सेनासाहेबसुभा केले. मुधोजीस चांद्याचा मुलूख व 'सेनाधुरंधर' हा किताब मिळाला. 'धुरंधर' म्हणजे जू वाहणारा. थोरला सेनेचा धनी, धाकटा तिचा भार वाहणारा, ही पायरी शब्दांतच स्पष्ट होते. जानोजींच्या मृत्यूनंतर (१७७२) याच पदासाठी मुधोजी व साबाजी हे बंधू झगडले. १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. पुढे दुसऱ्या रघूजींनी आपले बंधू व्यंकोजी यांस सेनाधुरंधर केले, व चांदा पुन्हा धाकट्या पातीकडे गेला.

किताब देणारा कोण, यावर त्याचा अर्थ ठरतो. नोव्हेंबर १८१७ मध्ये पेशवे इंग्रजांशी लढत असतानाच व्यंकोजींचे पुत्र अप्पासाहेब यांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे स्वीकारली. रेसिडेंट जेन्किन्स याने या समारंभास येण्याचे नाकारले, आणि दोनच दिवसांनी सीताबर्डीची लढाई जुंपली. १८२६ च्या तहात तिसऱ्या रघूजींस साताऱ्याशी असलेला संबंध व या पदाचे सर्व उपचार सोडावे लागले. वरकरणी ही पराधीनतेतून सुटका दिसते. वस्तुतः मराठी राज्यमंडळाशी उरलेला अखेरचा शाब्दिक धागा येथे तुटला. पुढे १८५४ मध्ये राज्यच खालसा झाले. किताब मात्र त्यापूर्वीच संपला होता.