टपाची खडखड आणि कानाची परीक्षा

कापडी टपाची जीपगाडी आपल्या धर्मग्रामांना नवी नाही. 1941 साली अमेरिकेत विलीस कंपनीने ती सैन्यासाठी मोठ्या प्रमाणावर बांधावयास घेतली, आणि 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जुळणी सुरू केली. चिखल, ओढे आणि घाट यांना न जुमानणारी ही गाडी पुढे खेडोपाडी गेली. तिचे गुण सर्वांस ठाऊक आहेत. तिचा आवाजही ठाऊक आहे.

खानापूर तालुक्यातील आमच्या चर्चची जीप अशीच जुनी. पावसाळ्यापूर्वी एका वृद्ध बाईंना तीतून बेळगावच्या रुग्णालयात न्यावे लागले. फादर वाटभर त्यांच्या शेजारी बसून जपमाळ म्हणत होते. बरे होऊन घरी आल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘फादर, तुमचे ओठ हालताना दिसत होते; पण शब्द एकही कानी आला नाही. टपच तेवढा ओरडत होता.’’

फादर क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘आजी, पुन्हा तसे होणार नाही.’’

पुढच्या शनिवारी आम्ही चौघे जण जीपभोवती जमलो. कापड जीर्ण झाले आहे, नवा टप घेतल्यावाचून गत्यंतर नाही, असे जो तो सांगत होता. फादरांनी मात्र अट घातली, की आवाज कोठून येतो हे कळल्यावाचून कोणी पाना हाती धरावयाचा नाही. त्या दिवशी जे शिकलो, ते ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्या उपयोगी पडेल.

टपाचे आवाज चार प्रकारचे असतात व प्रत्येकाचे कारण निराळे. फडफड कापडाची, खडखड लोखंडाची, करकर रबराची आणि शीळ फटीची. ते ओळखण्यासाठी दोन माणसे हवीत. एकाने गाडी चालवावी व दुसऱ्याने मागे बसून ऐकावे. गाडी प्रथम खडबडीत रस्त्यावर हळू न्यावी. तेथे ऐकू येईल ती खडखड किंवा करकर. मग गुळगुळीत रस्त्यावर वेग वाढवावा. तेथे ऐकू येईल ती वाऱ्याची फडफड किंवा शीळ. आवाज होत असता मागच्या माणसाने एकेक कमान व एकेक सांधा हाताने दाबून धरावा. ज्यावर हात ठेवताच आवाज थांबेल, तेथेच दोष आहे असे समजावे.

फडफडीचे कारण असे. गाडी वेगाने जाऊ लागली की टपावरून जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि कापड वर ओढले जाते. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. म्हणून ताशी 30 किलोमीटरला निमूट असणारा टप 60 ला आकांत मांडतो. यावर उपाय म्हणजे मागचे पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे ताणणे आणि तुटलेली टिचबटणे नवी बसविणे. मात्र सुती कॅनव्हास भिजला की आखडतो, हे ध्यानात ठेवावे. उन्हाळ्यात तो तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला, तर पहिल्या पावसातच शिवण उसवते. रेक्झिनचा टप थंडीत ताठरतो. तो उन्हात थोडा तापवून मगच बसवावा.

शीळ बहुधा पुढच्या काचेच्या चौकटीपाशी उठते. ज्या टपाला तेथे रबरी पट्टी असते, तिच्याखाली कागदाची चिंधी ठेवून टप लावावा व चिंधी ओढून पाहावी. ती सहज निसटली, तर तेथे फट आहे. पट्टी झिजली असेल तर बदलावी. कडी सैल असेल तर ती थोडी थोडीच आवळावी, आणि दोन्ही बाजूंना सारखीच.

करकर करणारे रबर साबणाच्या पाण्याने पुसून वाळवावे व त्यावर सिलिकोन ग्रीसचा पातळ हात फिरवावा. रॉकेल, इंजिनचे तेल वा व्हॅसलीन लावू नये. त्यांनी रबर फुगते व लवकर खराब होते. लोखंड लोखंडावर घासत असेल तेथे नमद्याची पट्टी चिकटवावी. कमानीच्या सांध्यात तेलाचा एकच थेंब पुरे. उरलेले पुसून टाकावे, नाही तर कापडावर डाग पडतो. ओला टप घडी करून ठेवू नये. त्याला बुरशी धरते.

आमच्या जीपचा दोष कापडात नव्हताच. उजवीकडील कमानीच्या खिळीचे भोक झिजून मोठे झाले होते आणि प्रत्येक खड्ड्यागणिक ती कमान आदळत होती. जाड खिळ, दोन वायसर आणि नमद्याचा तुकडा एवढ्यावर काम भागले. नव्या टपाचे पैसे वाचले.

गाडी पुन्हा रस्त्यावर नेली, तेव्हा टप मुका झाला होता. त्या शांततेत मागच्या डाव्या चाकाची बारीक घरघर प्रथमच ऐकू आली. चाक काढून पाहिले, तर बेअरिंग झिजून गेले होते. कित्येक आठवडे ते चाक आम्हांस सावध करीत होते, आणि टपाच्या गोंगाटाखाली त्याचे म्हणणे दडून राहिले होते. रात्रीच्या वेळी घाटात ते दगा देते, तर काय झाले असते, या विचाराने चौघांच्याही अंगावर काटा आला. खडखडीची सवय होऊ देऊ नये, ती यासाठीच. आवाज कानाला त्रास देतो एवढेच नव्हे. तो दुसऱ्या इशाऱ्यांवर पांघरूण घालतो.

महिन्याने त्याच आजींना तपासणीसाठी पुन्हा बेळगावला नेले. फादरांनी जपमाळ सुरू केली. बाहेर पाऊस होता, रस्ता तोच होता. या खेपेस मागल्या बाकावरून आजींचा बारीक आवाज प्रत्येक प्रार्थनेला साथ देत होता, आणि पुढे चाकावर बसलेल्या ड्रायव्हरलाही तो स्पष्ट ऐकू येत होता.